सव्वीस हजारांचा वास

मंजुनाथ बिराजदार या माणसाला मी एकोणीस वर्षं ओळखतो. त्याच्या अंगाला कसला वास येतो, याचा विचार मी एवढ्या वर्षांत एकदाही केला नव्हता. कशाला करीन? पुरुषाला घामाचा वास येतो, तंबाखूचा येतो, लग्नकार्यात पावडरीचा येतो आणि एवढं पुरे आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण गेल्या उन्हाळ्यात या गृहस्थाने माझी खोली, माझं नाक आणि माझी दुपारची झोप अशा तिन्हींचा ताबा घेतला. तेव्हापासून माझ्या मताला कुणी विचारत नाही.

मंजुनाथ आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. पोरं त्याला मामा म्हणत. एकतीस वर्षांत प्राध्यापक आले नि गेले, मामा होते तिथेच. हातून काचेची एक नळी कधी फुटली नाही असं तो सांगतो आणि ते खरं आहे. मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. मूळचा मोडनिंबचा, तिकडची शेती भाऊ बघतो आणि मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मंजुनाथच्याच घराच्या माडीवर भाड्याने राहतो. निवृत्त होऊन आम्हा दोघांनाही काही उद्योग उरला नाही, त्यामुळे भांडायला वेळ भरपूर.

त्याची बायको भुवनेश्वरी, म्हणजे माझ्या वहिनी. या बाईंनी मला तापात दहा दिवस पेज करून घातली आहे, त्यामुळे वाईट बोलायची सोय नाही. पण कुणाचं कौतुक करणं त्यांच्या स्वभावातच नाही. रागावतील कानडीत, समजावतील मराठीत, कौतुक कुठल्याच भाषेत नाही. एका पावसाळ्यात मंजुनाथने छपरावर चढून स्वतः पत्रे बसवले. खाली उभ्या राहून वहिनी एवढंच म्हणाल्या, "उतरताना तुळशीची कुंडी पाडू नका."

तर अशा वहिनींनी मोहोळला नात्यातल्या एका लग्नात कौतुक केलं. एका वासाचं.

झालं असं की, वहिनींच्या चुलतबहिणीचा जावई प्रभु बेंगळुरूहून आला होता. पोरगा गुणी. वाकून पाया पडला आणि उठताना त्याच्या सदऱ्यातून कसलासा सुगंध आला. वहिनींनी डोळे मिटले. आजूबाजूला दहा-बारा बायका बसल्या होत्या, त्यांच्यादेखत म्हणाल्या, "अय्य! काय वास हाय हो! देवदाराचं कपाट उघडल्यागत. असला वास रोज घरात दरवळला तर आणखी काय पायजे माणसाला?"

परतताना एसटीत मंजुनाथ खिडकीकडे तोंड करून बसला होता. टोलनाका गेला तसा माझ्याकडे वळला.

"महिपती, ऐकलास काय?"

"काय?"

"ती चांगलं म्हणाली. चारचौघांत." तो हळूच म्हणाला. "तेहतीस वर्षं झाली लग्नाला. मला एकदा पण न्हाय म्हणाली."

"मग आता काय करतोस?"

"मला तो वास पायजे. मग बघू कशी म्हणत न्हाय ते."

वय वर्षं एकोणसाठ. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर गुडघेही दुखत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या खोलीतून प्रभुला फोन केला. सेंटचं नाव विचारलं, ते फ्रेंच होतं, लिहून घेता आलं नाही. किंमत विचारली, ती सव्वीस हजार होती. एवढीशी बाटली, पन्नास मिलीची. मंजुनाथने "बरं बरं, सगळे मजेत ना," म्हणून फोन ठेवला आणि माझ्या तांब्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. मला वाटलं, सुटलो. पण प्रभुला काय वाटलं कोण जाणे, त्याने आठवड्याभरात कुरियरने एक नमुना धाडला. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या शिशीएवढी शिशी, वर लिहिलेलं दोन मिली. मामांनी मोजून बघितलं, एक पूर्णांक आठ दशांश भरलं.

आता खोटं कशाला बोलू, तो वास चांगला होता. पहिली दहा मिनिटं मिरी कुटल्यासारखा. मग नवी पेन्सिल तासल्यासारखा. तासाभराने जुनं लाकडी कपाट, आणि संध्याकाळी, म्हणजे कागदाचा तुकडा विसरून आपण जेवून परत आलो की, शेजारच्या घरात कुणी धूप घातल्यासारखा. मी हे कबूल केलं आणि तिथेच फसलो. मंजुनाथ म्हणाला, "बघ. तुला नाक हाय. तू परीक्षक."

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत दोरी बांधली गेली. तिला कपड्यांचे चिमटे, चिमट्यांना गाळणकागदाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर पेन्सिलीने नंबर. एक वही. वहीत तीन रकाने: दहा मिनिटं, एक तास, संध्याकाळ. खरा नमुना घट्ट बुचाच्या बाटलीत, कागदावर एकच थेंब टाकून. तो फक्त हुंगायचा, वाया घालवायचा नाही. आणि बाकीचे स्वस्तातले वास मामा स्वतःच्या हातावर लावून बघणार, कारण कागदाला ऊब नसते; नंबरांच्या पट्ट्या नुसत्या शोभेला. वेळ सकाळी सातची. तेव्हा वहिनी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातात आणि मामांची अंघोळ, पूजा आटोपलेली असते. वहिनींना काही कळू द्यायचं नव्हतं. तो लिंगपूजेवरून उठायचा तो थेट माडीवर.

एक नंबर ऑनलाइन मागवलेला. जाहिरातीत 'हुबेहूब' लिहिलं होतं आणि दहा मिनिटं तो खरोखर हुबेहूब होता. अकराव्या मिनिटाला भांडी घासायच्या लिंबू साबणाचा वास सुटला. तीन नंबर दुकानातला फवारा, जिममधली पोरं मारतात तो. मला सात शिंका आल्या. पाच नंबर मामांचं स्वतःचं संशोधन: चंदनाचं तेल, लवंग आणि स्पिरिटमध्ये आठ दिवस भिजवलेला पेन्सिलींचा कीस. त्यासाठी गल्लीतल्या पोरांच्या सगळ्या पेन्सिली याने हौसेने तासून दिल्या. वास आला तो शाळेच्या दप्तराचा, तोही डबा सांडलेल्या.

दोन आणि चार नंबर विजापूर वेशीतल्या अत्तरवाल्याकडचे. दोन नंबरात खस आणि देवदाराचं तेल, साधं सरळ. मामांनी ते पहिल्याच दिवशी बाद केलं, का, तर सुरुवातीला मिरी नाही. मग पाच वेळा दुकानात जाऊन त्या भल्या माणसाला छळलं. मिरी वाढवा, धूप कमी करा, लाकूड जरा कोरडं करा. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "मामा, तुमे एक झाड बोले थे, मैं पूरा जंगल डाल दिया. अब और क्या होना?" ते जंगल म्हणजे चार नंबर.

माझं नाक एव्हाना कामातून गेलं होतं. आमटीत हिंग आहे का नाही तेही कळेना. म्हणून मामांनी दुसरा परीक्षक आणला, मल्लव्वा. ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकते. पीठ कालचं की परवाचं हे ती नुसत्या वासावरून सांगते. तिला शपथ घालून माडीवर आणलं, तिच्याच पदराने तिचे डोळे बांधले. आधी बाटली हुंगवली, मग मामांचा हात.

एक नंबरला ती म्हणाली, "भांडी घासून आलास व्हय?" तीन नंबरला म्हणाली, "ह्ये ढेकणाचं औषध हाय." पाच नंबरला नुसतीच हसली. चार नंबरला मात्र गप्प. पुन्हा बाटली मागितली, पुन्हा हात ओढला. अर्धं मिनिट गेलं असेल.

"दोन्ही एकच की रं मंजण्णा!"

मंजुनाथ नाचला हो! एकोणसाठ वर्षांचा माणूस, माझ्या माडीच्या फळ्यांवर, दोन्ही हात वर करून. खाली स्वयंपाकघरात माती पडली असणार. तोळ्याला साडेतीनशे रुपये! सव्वीस हजारांचा वास साडेतीनशेत! त्याने मल्लव्वाकडून दोन डझन भाकऱ्या घेतल्या, मला मिठी मारली आणि वहीत चार नंबरसमोर लाल शाईने बरोबरची खूण केली. मलाही गहिवरून आलं, उगाच नाही म्हणत नाही. आता फक्त प्रसंग पाहिजे होता.

तो पुढच्या रविवारी आला. प्रभुच्या सासऱ्यांनी जुळे सोलापुरात बंगला बांधला होता, त्याची घरभरणी. मोहोळच्या लग्नातल्याच सगळ्या बायका तिथे असणार. मंजुनाथने पांढरा सदरा कडक इस्त्री करून घेतला. कॉलरला चार नंबर, खिशाला चार नंबर, रुमालाला चार नंबर. अर्धी बाटली संपली. वहिनी बहिणीला मदत करायला सकाळीच पुढे गेल्या होत्या. आम्ही रिक्षाने निघालो. वारं होतं, माझं नाक बंद होतं आणि त्याचं स्वतःचं नाक तर दीड महिन्यात मुर्दाड झालेलं. कसा काय येतोय वास, असं त्याने मला तीनदा विचारलं. मी तीनदा "एकदम बेंगळुरू," म्हटलं.

देवघराच्या दाराला टेकून तो उभा राहिला. जागा विचार करून निवडलेली. हळदीकुंकवाचं ताट घेऊन वहिनी तिथूनच जाणार. त्या आल्या. दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. मान वळवली.

"अय्य, पोरींनो!" वहिनी मोठ्यांदा म्हणाल्या. "ह्या दाराला हात लावू नका गं! पॉलिश ओलं हाय!"

बायकांनी साड्या सावरल्या. पोरांना ओढून बाजूला घेतलं. यजमान धावत आले, "अहो, तीन आठवडे झाले पॉलिशला!" त्यांनी दार चाचपलं, कोरडं ठणठणीत. सुतारही पंगतीला आलेला होता, तो वर्मी लागल्यासारखा उठला आणि चौकटीला नाक लावून तपासायला लागला. मंजुनाथ हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकला. लगेच तिथून ओरड आली, "हे पण ओलं हाय!" तो जिन्याखाली गेला. जिना ओला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, याच्या तर सदऱ्यातच चांदणं होतं. अखेर वहिनी वास घेत घेत त्याच्यापर्यंत आल्या, कॉलरजवळ नाक नेलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही सुतारकाम कधीपासनं सुरू केलंत?"

घर हसलं. सुतार सगळ्यांत जास्त हसला. मंजुनाथही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. पानातली शेंगापोळी त्याने मोडलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो माडीवर आला. पाचही बाटल्या माझ्यासमोर ठेवल्या. "फेकून दे."

मला संताप आला. "दीड म्हैना माझं नाक सडवलंस आन आता फेकून दे व्हय? मल्लव्वा खोटं बोलली का?"

"मल्लव्वानं वास घेतला, माझ्यापुढं. मग काल काय झालं?"

"कुणाला ठावं! आण हिकडं." मी चार नंबर काढून माझ्या मनगटावर चोळलं आणि हुंगलं. बंद नाकातसुद्धा पॉलिश शिरलं. मग त्याचा हात ओढून त्यावर चोळलं. देवदार! कोरडं, सुरेख, अगदी बाटलीतल्यासारखं. पुन्हा माझा हात: पॉलिश. त्याचा: देवदार.

"तुझ्या हाताला काय सोनं लागलंय का रं?" मी ओरडलो. तोही ओरडला. आम्ही एकमेकांचे हात धरून ओरडत असताना जिन्यात पावलं वाजली आणि वहिनी दारात. त्या दिवशी देवळातून लवकर परतल्या होत्या. त्यांनी दोरी बघितली, पट्ट्या बघितल्या, नंबर लावलेल्या बाटल्या बघितल्या.

"एन्री इदु?" हे काय चाललंय, असं त्या नवऱ्याला विचारत होत्या. नवरा छताकडे बघत होता. मग मीच सांगून टाकलं सगळं. मोहोळपासून सुतारापर्यंत. माझ्या पोटात काही राहत नाही, हे मला भाड्याने ठेवताना त्यांना ठाऊक होतं.

वहिनींनी माझं मनगट घेऊन हुंगलं. नवऱ्याचं हुंगलं. मग त्याच्या हाताकडे नुसतं बघत राहिल्या.

"विभूती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"विभूती हाय की तुमच्या हाताला. राख वास ओढून घेती. डब्याला उग्र वास बसला तर आपण काय लावतो? राखच की. पॉलिशचा वास तिनं गिळला, लाकडाचा तेवढा ठेवला. त्या सदऱ्याला कुठली आली विभूती?"

मंजुनाथ मटकन खाली बसला. पूजेनंतर ओढलेली विभूतीची तीन पांढरी बोटं कपाळावर, दंडावर, मनगटावर. आठव्या वर्षापासून एक दिवस चुकलेला नाही. हाताला काही लावलंयस का असं कुणी विचारलं असतं तर त्याने शपथेवर नाही म्हटलं असतं. आणि मीही म्हटलं असतं, कारण त्या पांढऱ्या बोटांशिवाय तो हात मी कधी बघितलेलाच नाही. एकतीस वर्षं हा माणूस पोरांना बजावत आला, आधी भांडं धुऊन कोरडं करा, मग प्रयोग. पोरांनी ऐकलं असेल, मामांनी ऐकलं नाही.

"पण हे सगळं कशापायी?" वहिनींनी विचारलं.

तो खालमानेनेच बोलला. "मोहोळला त्या वासाला चांगलं म्हणालीस. मला वाटलं, माझ्याबद्दल पण एकदा म्हणावंस. चारचौघांत. एकदा."

वहिनी माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, तर बाई हसत होत्या! खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघितलं.

"अहो," दम घेत त्या म्हणाल्या, "तो वास मला पायजे होता. माझ्या अंगाला! तुम्ही लग्नापासनं दर शुक्रवारी मोगऱ्याचा गजरा आणताय. मोगऱ्यानं माझं डोकं धरतं."

"तेहतीस वर्षं?"

"तेहतीस वर्षं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही हौसेनं आणता. कसं बोलू?"

मंजुनाथ तिच्याकडे बघतच राहिला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. भाडेकरूलाही काही अक्कल असते. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज आला. वहिनी माझ्या मोरीत साबणाने हात धूत होत्या, कोपरापर्यंत. मग हात कोरडा करून त्यांनी पुढे केला, "लावा एकेक."

एक, तीन, चार, पाच त्यांनी पुसून टाकले. दोन नंबर, ज्याला मामांनी मिरी नाही म्हणून पहिल्याच दिवशी नापास केलं होतं, तो त्यांनी मनगटावर ठेवला. भाजी निवडली, भांडी लावली, मध्येच हुंगलं. दुपारी शेवटचा कौल दिला, "मिरी कशाला पायजे अंगाला? स्वयंपाकघरात हाय की. ह्यो छलो अद." छलो अद म्हणजे छान आहे. कानडीत का होईना, कौतुकाला तोंड फुटलं म्हणायचं.

संध्याकाळी आम्ही तिघं विजापूर वेशीत गेलो. मामांना पुन्हा दारात बघून अत्तरवाल्याचा चेहरा पडला. दोन नंबर एक तोळा, असं सांगितल्यावर जरा सावरला आणि भाव म्हणाला चारशे.

वहिनींनी पदर खोचला.

"चारशे? ह्या माणसाकडं बघा जरा. दीड म्हैना ह्यानं माझ्यासाठी सोताचा हात घासलाय. तेहतीस वर्षांत मला सोडून एक दिवस जेवला न्हाय. घरात आवाज चढवला न्हाय. पगार झाला की पाकीट फोडायच्या आधी माझ्या हातात. असा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा दाखवा, चारशे देते. न्हाय तर अडीचशे."

दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती. सगळी वळून मंजुनाथकडे बघायला लागली. तो पोस्टाच्या पेटीसारखा ताठ उभा होता.

"बात तो सच्ची हय, अम्मा," अत्तरवाला विरघळला. "चलो, अडीचशेच देव."

तोवर मंजुनाथने खिशातली पाचशेची नोट काढून त्याच्या हातात कोंबली होती. "ठेवा. सगळे ठेवा."

"अहो!" वहिनी कडाडल्या. "देत होता की तो अडीचशेला!" पुढचं सगळं कानडीत झालं, बराच वेळ झालं, आणि त्यातलं निम्मं मला कळतं म्हणून मी इथे लिहीत नाही. मंजुनाथ लहान पोरासारखा हसत ऐकत होता. त्या दम घ्यायला थांबल्या तसा म्हणाला, "भुवना, ते मघाचं पुन्हा म्हण की."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. दुकानातल्या माणसांकडे बघितलं. आणि सगळ्यांसमोर पुन्हा म्हणाल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, या वेळी भाव न सांगता.